काकांची आवक-जावक

नियम मोडणारा माणूस फार तर एकदा त्रास देतो, नियम पाळणारा मात्र जन्मभर छळतो, हे ज्ञान मला माझ्या बायकोच्या मावशीच्या यजमानांकडून मिळालं. आम्ही त्यांना काका म्हणतो. नागपूरच्या एका सरकारी कचेरीत त्यांची सगळी नोकरी आवक-जावक विभागात गेली, म्हणजे आलेला कागद एका वहीत लिहायचा आणि गेलेला कागद दुसऱ्या वहीत. मावशी गेल्यावर एकुलत्या एक लेकीने त्यांना बंगळूरला आणलं, इलेक्ट्रॉनिक सिटीत आमच्याच इमारतीत फ्लॅट घेतला, आणि दोन वर्षांत ती नवऱ्याबरोबर अमेरिकेला निघून गेली. काका उरले, बरोबर आमच्या खालच्या मजल्यावर. तेव्हापासून ते पर्यटक व्हिसावर लेकीकडे जातात, सहा महिने राहतात, परत येतात, आणि पुढच्या खेपेला विमानतळावरचा अधिकारी आपल्याला आत घेईल की आल्या पावली परत पाठवेल, या काळजीत इथले सहा महिने माझं डोकं खातात. त्यांच्याबरोबर सकाळी फिरायला जाणाऱ्यांपैकी एकाला म्हणे असंच परत पाठवलं होतं. "एकदा परत पाठवलं की संपलं, जावईबापू. मग नात फक्त फोनातच दिसणार."

व्हिसा दहा वर्षांचा असला तरी एका खेपेला किती दिवस राहायचं ते तिथला अधिकारी ठरवतो, हे एव्हाना आमच्या वॉचमनलाही पाठ झालं आहे. काकांचं तेवढ्यावर भागत नाही. जितके दिवस तिथे राहिलो, तितके अधिक एक दिवस इथे काढायचे, असा त्यांनी स्वतःचा एक नियम केला आहे. त्यासाठी जुन्या सवयीने एक वही घातली आहे. तिच्यात 'जावक' या रकान्याखाली स्वतःचं नाव आणि तारीख, 'आवक' या रकान्याखाली पुन्हा स्वतःचंच नाव आणि तारीख. गेल्या वर्षी नातीचा वाढदिवस या हिशेबात जाण्याच्या तारखेच्या चार दिवस आधी येत होता. लेकीने विनवण्या केल्या, तिकीट काढून देते म्हणाली. काका हलले नाहीत. वाढदिवसाचा केक त्यांनी आमच्या घरी बसून फोनवर पाहिला आणि नंतर अर्धा तास चष्माच पुसत राहिले. "हा नियम लिहिलाय कुठे?" मी वैतागून विचारलं. "लिहिलेला नाही, म्हणून तर जास्त सांभाळावा लागते," काका म्हणाले.

पासपोर्टवर पर्यटक म्हणून शिक्का असेल तर पर्यटन केलंच पाहिजे, ही त्यांची आणखी एक निष्ठा. लेकीच्या गावात पाहण्यासारखी एक बाग आणि एक मत्स्यालय आहे. काकांनी बाग अकरा वेळा पाहिली आहे. प्रत्येक खेपेचं तिकीट फायलीत तारीखवार लावलेलं असतं, पुढेमागे कोणी विचारलं तर पुरावा हवा. पर्यटकाने तिथे काम करायचं नसतं हेही त्यांनी कुठेतरी वाचलं, आणि नात सांभाळणं हे काम आहे की नाही या शंकेने त्यांना ग्रासलं. लेक सांगते, रस्त्याने बाबागाडी ढकलताना समोरून शेजारी आला की काका चटकन गाडीवरचा हात काढायचे आणि बाजूला उभे राहून झाडाकडे बघायचे. एकदा उतारावर गाडी चालू लागली, तेव्हा कुठे ते पर्यटन सोडून धावले.

पासपोर्टसाठी त्यांनी बनियनला आतून खिसा शिवून घेतला. आमच्या भागातल्या शिंप्यांवर विश्वास नाही, म्हणून मला थेट शहराच्या दुसऱ्या टोकाला, शिवाजीनगरला ओढून नेलं. तिथला म्हातारा शिंपी पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरचा, पण घरी मराठी बोलणारा. त्याने बनियन उलटसुलट करून पाहिली आणि मध्ये मध्ये कानडी मिसळत म्हणाला, "सरी अण्णा, शिवून देतो की. स्वल्प लूज ठेवू काय? नाही तर श्वास घेताना पासपोर्ट टोचतंय बघा." खिसा उत्तम झाला. परिणाम असा की, विमानतळाच्या दारापासून पुढे प्रत्येक टेबलाशी काका शर्टाची चार बटणं काढतात, आणि दारापाशी सोडायला गेलेल्या माझ्याकडे मागची रांग बघते.

या सगळ्यावर कडी म्हणजे रंगीत तालीम. निघण्याआधीचे चार रविवार मी त्यांच्या जेवणाच्या टेबलामागे अमेरिकन अधिकारी होऊन बसतो. ते दारातून बॅग घेऊन येतात, मी प्रश्न विचारतो, ते उत्तर देतात आणि मग मी पुरेसा कडक नव्हतो म्हणून पुन्हा दाराबाहेर जातात.

म्हणून यंदा लेक तिथली नागरिक झाली आणि "आता बाबांचं ग्रीन कार्ड करते, कायमचे इकडेच येतील" असा तिचा फोन आला, तेव्हा मी मनापासून सुटकेचा निःश्वास टाकला. मैसूरपाक घेऊन खाली गेलो. काकांनी तुकडा घेतला आणि वाटीत तसाच ठेवला. पुढे दोन महिने त्यांचा तो फॉर्म काही भरून होईना. कधी फोटोत कान दिसत नव्हते, कधी जन्मदाखल्याचा शिक्का पुसट होता. आयुष्यभर कागद हलवलेला माणूस! शेवटी मी चिडलो. "काका, तुम्हाला जायचंय की नाही?"

"पाहुणा आहो म्हणून पोरगी न्यायला येते तेव्हाही रडते अन् सोडायला येते तेव्हाही रडते," ते म्हणाले. "कायमचा राहून राहिलो तर कोण रडणार, जावईबापू? मग मी तिथला एक म्हातारा. अन् इथं तुमचं डोकं कोण खाणार?"

त्यांच्या तोंडून हे ऐकेपर्यंत माझं डोकं खाल्लं जातंय याची त्यांना कल्पना असेल, असं मला कधी वाटलंच नव्हतं.

फॉर्म अजून कोराच आहे. येत्या शुक्रवारी काका निघतील, पर्यटक म्हणूनच. काल शेवटची तालीम झाली. कशासाठी आलात, पर्यटन, किती दिवस, साहेब देतील तितके, सगळं पाठ. उठता उठता माझ्या तोंडून निघून गेलं, "काका, परत येणार ना?"

"हा प्रश्न यादीत नाही," ते दटावून म्हणाले. मग माझ्याकडे पाहिलं, फाईल उघडली आणि परतीचं तिकीट काढून माझ्यासमोर ठेवलं. तोवर मी त्यावरची तारीख कधी नीट पाहिली नव्हती. वर घरी आलो आणि ती तारीख आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर शोधून काढली. तिच्यापुढे काय लिहावं ते सुचेना, म्हणून नुसतं 'आवक' असं लिहून ठेवलं.