पाइपाचा सत्कार

डब्लिनचं आमचं घर मी सांभाळलं, म्हणूनच ते फक्त स्वयंपाकघरापुरतं बुडालं. लोक ही गोष्ट उलटी सांगतात. सांगू द्या.

हे डब्लिन म्हणजे अमेरिकेतल्या ओहायोमधलं. इथे आमचा मंगेश नोकरीला आहे आणि आम्ही दोघं म्हातारा-म्हातारी त्याच्याकडे राहतो. गेल्या जानेवारीत सुनेच्या बहिणीचं डोहाळजेवण निघालं, तेही पार बेलव्ह्यूला, विमानानं जायचं. मंगेश आणि सून निघाले, आणि नेमकी त्याच आठवड्यात कडाक्याची थंडी येणार म्हणून टीव्हीवाले ओरडायला लागले. मंगेशनं परस्पर ठरवून टाकलं की आई-बाबांनी शेजारच्या निखिलकडे राहायचं. आता, उभा जन्म मी पिठाची गिरणी चालवलेला माणूस. पट्टा तुटला, मोटर जळली, तरी कधी कुणाला हाक मारली नाही. आणि मला शेजाऱ्याकडे ठेवणार, कुंडीतल्या झाडासारखं!

"घर मी बघतो," मी म्हटलं. "नाहीतर मला आत्ताच गावाला पाठव."

हा माझा हुकमी एक्का. मंगेश नमला, पण अट घालून. म्हणाला, "बाबा, या वेळी नीट झालं तर पुढे मी एक शब्द बोलणार नाही. नाही झालं, तर पुढच्या खेपेला मुकाट्यानं निखिलकडे." म्हणजे घराबरोबर माझी इज्जतही पणाला लागली.

मग त्यानं मला घरभर फिरवलं. सिंक बाहेरच्या भिंतीला लागून आहे, तिथले पाइप गोठतात. म्हणून नळाची बारीक धार चालू ठेवायची आणि सिंकखालच्या कपाटाची दारं उघडी ठेवायची, म्हणजे घरातली ऊब पाइपाला लागते. आणि काही झालंच, तर तळघरात जाऊन घराचं सगळं पाणी बंद करायचं. तळघराच्या भिंतीवर चार-पाच व्हॉल्व्ह आहेत, त्यातला मेन व्हॉल्व्ह ओळखू यावा म्हणून त्यानं त्याला लालभडक रिबीन बांधली. मी प्रत्येक गोष्टीला मान हलवली. (मान हलवणं वेगळं आणि ऐकणं वेगळं, हे पोराला चाळिशी उलटली तरी समजलेलं नाही.)

ते गेले आणि मी तळघरात उतरलो. माझं शिक्षण चौथीपर्यंत, पण यंत्राची नाडी मला कळते. भिंतीवरचे बाकीचे पाइप बोटाएवढे. कोपऱ्यातला एकच मनगटापेक्षा जाड, पांढराशुभ्र, सरळ छतात गेलेला. घरातला कर्ता कोण, हे मला पाहताक्षणी कळतं. म्हटलं, याला जपलं की घर जपलं. थंडी वाजणाऱ्याला काय लागतं? पांघरूण. धार सोडून आणि दारं उघडी टाकून कुणाची थंडी गेल्याचं मी पाहिलेलं नाही.

पण साध्या पांघरुणात कर्त्याचा मान राहत नाही. म्हणून मी माझी सत्काराची शाल आणली. इथल्या मराठी मंडळानं गणपतीत मला शाल आणि नारळ देऊन गौरवलं होतं. (जमलेल्यांत सगळ्यात म्हातारा म्हणून, असं ही सांगते. पण इतका म्हातारा मी स्वतःच्या कष्टानं झालोय.) शाल पाइपाला गुंडाळली. बांधायला दोरी काही सापडेना, तेव्हा शेजारीच ती लाल रिबीन दिसली. ती काढून घेतली आणि बांधली. पाइपाचं एक टोक उघडं होतं. उघडं असून पाणी येत नाही, म्हणजे थंडीनं आकसला असणार! त्या टोकाला माझी माकडटोपी घातली.

ही जिन्यातून वाकून बघत होती. "ओवाळू का?" म्हणाली.

वर आलो आणि नळ बंद केला, कपाटाची दारं लावून टाकली. आतला कचऱ्याचा डबा दिसत होता, आणि डबा दाखवत बसायची आमच्याकडे पद्धत नाही. मंगेशनं काय सांगितलंय त्याची हिनं आठवण करून दिली. मी म्हटलं, कर्ता पुरुष शालीत आहे, बाकीच्यांनी काळजी करू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला पाणी घ्यायला गेलो, तर नळानं घसा खाकरला आणि गप्प बसला. बिनचहाची बायको म्हणजे काय हे मी इथे लिहीत नाही, ती हे वाचणार आहे. सिंकखालचा पाइप हात लावू देईना इतका गार. गोठला म्हणजे आखडला, आणि आखडलेल्याला शेक देतात. मी गरम पाण्याची पिशवी लावली. (पाणी होतं पिण्याच्या बाटल्यांतलं, पण चहापेक्षा पाइप आधी.) वर ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून पाइपाला शेकायला लागलो.

"आता काढाही पाजा त्याला," ही म्हणाली.

आणि तेवढ्यात कपाटात पाण्याचा आवाज झाला. मी ओरडलो, "आलं बघ! आलं पाणी!"

"नळाला नाही आलं," ही म्हणाली. "तुमच्या मांडीवर आलंय."

गोठताना पाइप फुटला होता, बर्फ वितळताच त्यानं तोंड उघडलं. धार कपाटातून थेट समोरच्या फ्रिजवर! मी तळघरात धावलो आणि लाल रिबीन शोधायला लागलो. रिबीन सापडली. पाइपानं ती सत्कारासारखी छातीवर बांधली होती. जिथे रिबीन होती तिथे व्हॉल्व्ह नव्हता, आणि जिथे व्हॉल्व्ह होते तिथे रिबीन नव्हती. मी दिसेल तो व्हॉल्व्ह फिरवत सुटलो. एक जाम होता, तो सोडून दिला. प्रत्येक वेळी वरून हिचा आवाज यायचा, "अजून येतंय!"

शेवटी हिनं निखिलला फोन केला. निखिल नागपूरचा पोरगा, घरातल्याच चपला घालून बर्फातून पळत आला. आला तसा त्या जाम व्हॉल्व्हला भिडला, दात-ओठ खाऊन तो फिरवला, आणि वरचं पाणी थांबलं. मेन तोच होता. मग तो वळला आणि त्याला कोपरा दिसला.

"काका, हे काय आहे?"

"मेन पाइप," मी म्हटलं.

तो जरा वेळ शालीकडे बघत राहिला, मग टोपीकडे. "काका, हा घरभरचा केर ओढणाऱ्या जुन्या व्हॅक्यूमचा पाइप आहे. आधीच्या मालकानं मशीन काढून नेलं, पाइप तेवढा राहिला. आत काहीच नाही याच्या."

ही पाइपाकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. "तरी म्हटलं, ओळखीचा का वाटतो."

मग निखिलनं सगळे नळ उघडून उरलंसुरलं पाणी काढून टाकलं, पुसायच्या आधी विम्यासाठी फोटो काढून घेतले, घरून पाणी ओढायचं मशीन आणलं, पंखे लावले. आम्ही घरातला एकूण एक टॉवेल पिळत होतो, आणि नेमका तेव्हाच मंगेशचा व्हिडिओ कॉल. मी फोन अगदी नाकासमोर धरला. थंडी आहे, बाकी सगळं झकास, म्हटलं.

"बाबा, मागे आई काय करतेय?"

"पोहतेय!" ही मागून ओरडली.

 मंगेशनं एवढंच विचारलं, "तुम्ही दोघं ठीक आहात ना?" ओरडला असता तर बरं झालं असतं, मला उलट ओरडता तरी आलं असतं.

प्लंबरनं फुटलेला तुकडा कापून नवा घातला आणि त्याला वरून मऊ फोमची नळी चढवली. म्हणजे शेवटी पांघरूणच घातलं ना? हे मी सगळ्यांना सांगून बघितलं. कुणी मान हलवली नाही.

या जानेवारीत सुनेच्या बहिणीच्या बाळाच्या जावळाला मंगेश आणि सून परत बेलव्ह्यूला निघाले. मी शब्दाचा पक्का. मुकाट्यानं पिशवी भरली आणि निखिलकडे जायला दारात उभा राहिलो. मंगेश म्हणाला, राहू द्या बाबा, या वेळी घर आईवर सोपवलंय.

हिनं नळाची धार सोडली, कपाटाची दारं उघडली, रिबीन व्हॉल्व्हला दोन गाठी मारून बांधली. माझं काम काय, मी विचारलं. ही आत गेली, धुतलेली शाल आणून माझ्या खांद्यावर टाकली, माकडटोपी कानांवर ओढली आणि मला हॉलच्या कोपऱ्यातल्या खुर्चीत बसवलं. "इथून हलायचं नाही."

संध्याकाळी निखिल चौकशीला आला. मला तसं बसलेलं बघून दारातच थांबला.

"काका, हे काय आहे?"

"मेन पाइप," मी म्हटलं.