मिस्त्री न येताच झालेली खोली

गच्चीवरच्या खोलीचं चित्र मुलानं मला मोबाइलवर दाखवलं आणि मी हो म्हणाले, ही माझी चूक. ती मी कबूल करते. पण पुढचं सगळं माझ्या माथी मारलेलं मला चालणार नाही.

आमचं घर गोपालपुऱ्यात, बायपासच्या मागच्या गल्लीत. यजमान लष्करात होते. शेवटची बदली जयपूरला झाली, इथेच प्लॉट घेतला आणि साताऱ्याकडचं गाव राहिलं ते राहिलंच. आम्ही घर बांधलं तेव्हा आजूबाजूला वाळू आणि बाभळी होत्या. आता गल्लीत जिकडेतिकडे कोचिंगच्या पाट्या आहेत आणि प्रत्येक घरात शिकणारी मुलं भाड्यानं राहतात. यजमान गेल्यावर मुलगा म्हणाला, मागच्या दोन खोल्या आपणही शिकणाऱ्या मुलींना देऊ आणि तुला गच्चीवर खोली करू. त्या दोन खोल्या माझ्या होत्या. एक निजायची, एक स्वयंपाकाची. मुलगा आणि सून पुढच्या भागात, त्यांचं स्वयंपाकघर वेगळं. माझी चूल वेगळी होती म्हणूनच आमच्यात भांडण नव्हतं. हे सुनेलाही माहीत आहे.

मी मुलाला म्हटलं, "खोल्या देते. पण वर मला माझा ओटा पाहिजे. माझी भाकरी मी करणार."

"हो आई, सगळं मिळेल," तो म्हणाला. बँकेत काम करणारा माणूस आहे, ‘सगळं मिळेल’ हे शब्द त्याच्या तोंडात बसलेले आहेत.

जुना स्लॅब विटांच्या भिंतींचं वजन झेलणार नाही असं इंजिनिअरनं सांगितलं. मग तयार खोली घ्यायचं ठरलं. पत्र्याच्या दोन थरांमध्ये फोम भरलेल्या भिंती कारखान्यातून कापून येतात आणि जागेवर जोडतात. हल्ली इकडे शाळेच्या खोल्या, दुकानं, हॉस्टेलं, सगळं तसंच उभं राहतंय. चित्रात मला एक चौकोन दिसला, दार दिसलं, खिडकी दिसली. कोपऱ्यात एक फळी आणि बेसिन होतं.

"आई, फायनल ना? नंतर बदलता येणार नाही," मुलानं विचारलं.

मी हो म्हणाले. नंतर बदलता येणार नाही हे मी ऐकलं, पण मनावर घेतलं नाही. माझी शाळा चौथीत सुटली, तरी घर कसं बांधतात ते मला ठाऊक आहे. खालचं घर मी उभं राहून बांधून घेतलंय. यजमान ड्युटीवर असायचे. रोज सकाळी मिस्त्री यायचा, मी त्याला चहा द्यायची आणि आज काय करायचं ते सांगायची. खिडकी हातभर सरकव, इथे कोनाडा ठेव, मोरीचा उतार तिकडे दे. नकाशा नगरपालिकेत द्यायला लागतो. घर मिस्त्रीशी बोलून होतं. म्हणून मी ठरवलं, मिस्त्री आला की ओट्याचं त्याला सांगू.

एप्रिलमध्ये एक दिवस सकाळी ट्रक आला. चार माणसं उतरली. दोरानं पत्रे वर ओढले आणि ड्रिलचा आवाज सुरू झाला. मी चहा करून वर घेऊन गेले आणि त्यांच्यातल्या मोठ्याला विचारलं, "भैया, मिस्त्री कब आएगा?"

"मिस्त्री? मिस्त्री नहीं आता, माताजी. सब कट के आया है."

"और ओटा कौन बनाएगा? रसोई का?"

त्यानं कोपऱ्यातल्या फळीकडे बोट दाखवलं. "ये है ना. चाय-वाय के लिए. केतली रख लेना."

"मेरा गैस कहाँ रहेगा?"

त्यावर चौघेही थांबले. "माताजी, इसमें गैस नहीं जलाना. दीवार में फोम है. आग पकड़ ली तो?"

दुपार टळायच्या आत खोली उभी राहिली आणि ते चहाचे कप धुऊन ठेवून गेले. चांगली माणसं होती. त्यांच्याशी माझं भांडण नाही. एवढं मात्र खरं की घर उभं राहताना मला एक शब्द बोलायला जागा सापडली नाही.

संध्याकाळी मुलगा आला. मी म्हटलं, "तू ओटा देणार होतास."

"दिलाय ना आई. चित्रात होता की. तू बघितलास."

"त्या फळीला तू ओटा म्हणतोस? तुझ्या आईनं जन्मभर कशावर स्वयंपाक केला ते तू बघितलं नाहीस?"

सून म्हणाली, "मम्मी, इंडक्शनवर करा ना. मतलब, सगळं होतं त्याच्यावर." ती इथेच वाढलेली, तिच्या वडिलांची विमा कंपनीत नोकरी होती. बाजरीची भाकरी तिनं हातानं कधी थापलेली नाही, पण बोलते मात्र ठामपणे.

इंडक्शनवर मी चार दिवस करून बघितलं. तव्यावर एक बाजू भाजते, दुसरी भाजते, पण जाळावर धरल्याशिवाय भाकरी फुगत नाही. कातड्यासारखी चिवट होते. मग मी छोटी शेगडी खोलीबाहेर गच्चीवर मांडली. मे महिना लागला होता. लूचं तापलेलं वारं सुटलं की जाळ आडवा व्हायचा आणि परातीत पिठाबरोबर धूळ पडायची. दोनदा शेगडी विझली, तिसऱ्यांदा माझा पदर पेटता पेटता राहिला. मी शेगडी उचलून खाली आणली.

खाली माझं जुनं स्वयंपाकघर उरलंच नव्हतं. ओटा फोडून तिथे मुलींसाठी बाथरूम केलं होतं, पांढऱ्या टाइल्स लावून. मग मी सुनेच्या स्वयंपाकघरात, तिचं आटोपल्यावर, अकरा वाजता भाकरी करायला लागले. ती तोंडानं काही म्हणायची नाही. मी पीठ सांडलं की लगेच फडकं घेऊन पुसायची. मी अजून तिथे उभी असतानाच पुसायची. ते आठ दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत.

मग मुलानं नवा उपाय काढला. तीच कंपनी तयार स्वयंपाकघर देते म्हणे, भिंती पेट न घेणाऱ्या, गच्चीवर खोलीला चिकटून बसतं. या वेळी मी दोन तास चित्र बघितलं. बोट लावून प्रत्येक गोष्ट विचारली. ओट्याची उंची विचारली. मी ठेंगणी आहे, त्या उंचीवर भाकरी थापायची तर मला पाटावर चढून उभं राहावं लागलं असतं. मुलानं कंपनीला फोन लावला. पलीकडचा म्हणाला, उंची एकच येते, मापाप्रमाणे बनत नाही.

"मग त्याला सांग, मलाच कारखान्यात नेऊन मापाची करून आण," मी म्हटलं. मुलगा हसला. मला हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी कोणाला न विचारता जवळच्या चौमूं गावाकडचा एक मिस्त्री बोलावला. दूधवाल्याच्या ओळखीचा. मागच्या अंगणात, कंपाउंडच्या भिंतीला लागून जागा दाखवली. सून धावत आली. "मम्मी, तिथे मुलींच्या स्कूटी उभ्या राहतात!"

"दोन राहतील. तिसरीला गल्लीत लावू दे."

"पण त्यांना सांगितलंय आपण, पार्किंग आहे म्हणून."

"मलाही ओटा आहे म्हणून सांगितलं होतं."

ती आत गेली आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मुलानं अंगणात येऊन बघितलं आणि वर टाकायला पत्रा त्यानंच आणून दिला.

ओट्याला पाच दिवस लागले, त्यावर मी आठवडाभर पाणी मारलं. आता माझी भाकरी तिथे होते. वरची खोली वाईट नाही हे मी सांगते. उन्हाळ्यात खालच्यापेक्षा थंड राहते, मी तिथेच निजते. पण भाकरी घेऊन एकोणीस पायऱ्या चढेपर्यंत ती गार होते आणि माझे गुडघे बोलायला लागतात. म्हणून मी ओट्याशीच उभी राहून जेवते. मुलगा रोज म्हणतो, आई, आत टेबलाशी बस. मी त्याला सांगते, माझं जेवण झालं, तू बस.