कुसगावात ऐकलेला भूप

पुण्याहून सकाळी सातच्या गाडीत बसलो, तेव्हा माझ्या वहीत सगळा दिवस मांडलेला होता. दुपारच्या आत मुंबई, मग दादरला मुलीच्या खोलीवर जेवण, जरा आडवं होणं, पाचला निघून रेडिओ केंद्र आणि साडेसहाला आमच्या कुसुमचं गाणं. गोष्ट दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची, श्रावणातली. मी सातारा जिल्ह्यातल्या एका मराठी शाळेचा मास्तर. सौभाग्यवती आणि मी, दोघंही आयुष्यात पहिल्यांदा मुंबईला निघालो होतो.

कुसुम दादरच्या एका मुलींच्या शाळेत शिकवत होती. गाणं तिला मीच शिकवलं. ती गायला बसली की मी समोर बसायचो, मांडीवर ताल धरायचो आणि पुढचा शब्द ओठांनी दाखवायचो. एकदा पुण्यात एका समारंभात तिचं गाणं ऐन रंगात असताना मला कुणी बाहेर बोलावलं. मी उठलो आणि ती अंतऱ्यावरच थांबली. पुढे शब्द फुटेना. तेव्हापासून मी समोर नसताना ती चार माणसांत गायली नव्हती. आता तिने पत्रात बजावलं होतं, 'तुम्हा दोघांना स्टुडिओच्या काचेपलीकडे बसवायची परवानगी काढली आहे. बाबा, तुम्ही आला नाहीत तर मला गाता येणार नाही.'

तळेगाव मागे पडलं तसं मावळ उघडू लागलं. खाचरांत गुडघाभर चिखलात बायका उरलीसुरली भातलावणी करत होत्या. त्यांच्या पाठीवर इरली (बांबूच्या कामट्यांत पानं भरून केलेली पावसाळी पांघरुणं) होती. दुरून पाहावं तर मोठाली कासवं एका रांगेत मागेमागे सरकताहेत असं वाटे. मळवलीला ढग क्षणभर बाजूला झाले आणि लोहगड, विसापूर एकदम अंगावर आले. मी सौभाग्यवतीला किल्ल्यांचा इतिहास सांगू लागलो. "शाळा घरी ठेवून या म्हटलं होतं ना?" ती म्हणाली, आणि आम्ही दोघंही हसलो.

लोणावळ्याला गाडी थांबली, ती थांबलीच. अर्धा तास गेला. लोक फलाटावर उतरले. मीही उतरून चौकशी केली, तर कळलं की घाटात दरड कोसळली आहे. दुपारपर्यंत रूळ मोकळा होईल असं एक जण म्हणे, दुसरा मान हलवी. मी कुसुमला तार केली आणि फलाटावर येरझाऱ्या घालू लागलो. दर पाच मिनिटांनी घड्याळ काढत होतो. मोटारीची चौकशी केली, तर सडकेवरही माती आलेली. पायी खोपोलीला उतरावं का, असंही मनात आलं.

सौभाग्यवती बाकावर बसून दशमीचा डबा सोडत होती. "खाऊन घ्या," ती म्हणाली.

"तुला घास उतरतो तरी कसा? ती तिथे आपली वाट पाहत असेल!"

"अहो, दरड काय तुम्ही पाडलीत? देवाच्या डोळ्यांसमोरच ती पडली ना? मग कुसुमही त्याच्या डोळ्यांसमोरच आहे. त्याच्या मनात आपली जी वेळ असेल, त्या वेळी आपण पोचू."

मला तिचा राग आला. पोरीची आई असून इतकी निवांत! मी खाल्लं नाही.

दुपारी एकला सांगण्यात आलं की उद्या सकाळपर्यंत गाडी नाही. मी घड्याळ खिशात टाकून बाकावर बसलो. तिथे चहावाल्याला दूध घालून रिकामी चरवी घेऊन निघालेला एक म्हातारा आमच्यासमोर थांबला. धोतर गुडघ्यावर, डोक्यावर घोंगडीची खोळ.

"कुटं जायाचं व्हतं, मास्तर?"

"मी मास्तर आहे हे कसं ओळखलंत?"

"आवो, मगाशी फलाटावर चालत व्हता आन् मागं हात बांधून पोरांस्नी बगितल्यागत समद्यांकडं बगत व्हता!" तो हसला. "दरड लय मोठी हाय. हितं बसून रूळ मोकळा व्हनार न्हाई. माजं घर कुसगावात हाय. बाईमानूस संगं हाय, रात भिजत काडू नका. चला."

त्याचं नाव धोंडिबा. गाव त्याला आबा म्हणे. भिजत भिजत आम्ही त्याच्या घरी गेलो. त्याच्या बायकोने चुलीपाशी पाट मांडले आणि तांदळाची भाकरी, कुरडूची भाजी (पावसाळ्यात रानात आपोआप उगवणारी पालेभाजी) आणि दूध वाढलं. आता मात्र मला भूक आवरेना.

जेवताना सौभाग्यवतीने सगळी हकीकत सांगितली. आबाचा घास हातातच राहिला.

"म्हंजी त्या बोलत्या पेटीत तुमची लेक गानार?"

"होय. पण गाईल की नाही, देव जाणे," मी म्हणालो.

"आवो, मग रडताय कशापायी? म्या ज्या पारशीन बाईच्या बंगल्यावर दूध घालतो, तिच्याकडं हाय की तसली पेटी! रोज सांजच्याला लावती. चला, तिला इचारू."

मी पुन्हा घड्याळ काढलं. सहाला आम्ही बंगल्यावर पोचलो. दोन निलगिरींच्या मधे रेडिओची तार ताणलेली होती. वयस्क पारशी बाई आरामखुर्चीत बसल्या होत्या. आबाने त्यांना सगळं समजावलं.

"तुमची डीकरी (मुलगी) गाते? मंग बाहेर काय उभे राहते? आवो नी, अंदर आवो!" त्यांनी स्वतः उठून बटण फिरवलं. आबा, त्याची बायको आणि बंगल्यावरची माळीण दारात टेकली.

साडेसहा वाजले. निवेदकाने कुसुमचं नाव घेतलं, आणि मग काहीच ऐकू येईना. दोन क्षण, तीन क्षण. ती मान वर करून काचेकडे बघत असणार आणि काचेपलीकडे कुणी नसणार. मी डोळे मिटले. मनात म्हणालो, देवा, आता माझ्या हातात काही नाही.

आणि भूपाचा षड्ज लागला.

स्वच्छ, शांत, जराही न कापणारा. माझ्या आईचं भजन मी भूपात बांधून तिला दिलं होतं, तेच ती गात होती. माझा हात सवयीने मांडीवर गेला, पण ती माझ्या तालासाठी थांबली नव्हती. अंतरा सुरू होणार, तोच वाऱ्याने बाहेरची तार हलली आणि पेटीत नुसता खरखराट झाला. ती थांबली की काय? बाई बटण फिरवत होत्या. सौभाग्यवतीने माझा हात घट्ट धरला, तेव्हा कळलं की आतून तीही माझ्याइतकीच घाबरलेली आहे. मग आवाज परत आला, तो वरच्या षड्जावर. कुसुम तिथे नुसती पोचली नव्हती, निवांत उभी होती. मी कधीच न शिकवलेली एक हरकत घेऊन ती खाली उतरली.

गाणं संपलं. माळीण पदराने डोळे पुसत होती. "मास्तर," आबा म्हणाला, "लेकीनं नाव काडलं!"

"काढलं खरं!" मी म्हणालो आणि ताठ बसलो. इतका ताठ मी इन्स्पेक्टरसाहेबांच्या तपासणीतही कधी बसलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुंबईला पोचलो. कुसुम फलाटावर धावत आली आणि आईच्या गळ्यात पडली.

"तार मिळाली होती ना?" मी विचारलं.

"मिळाली, पण गाणं झाल्यावर. पावसाने तारा तुटल्या होत्या म्हणे. जेवायला आला नाहीत, तेव्हा थेट केंद्रावर याल असं वाटलं; साडेसहाला मला दरडीचं काहीच ठाऊक नव्हतं."

"मग गायलीस कशी?"

"काचेपलीकडे बघितलं, कुणी नव्हतं. उठून जावं असंच वाटलं. मग आईसारखा विचार केला की तुम्ही जिथे असाल तिथे देव आहेच, आणि कुठूनतरी ऐकतही असाल. डोळे मिटले आणि सुरुवात केली. बाबा, अंतऱ्याला चुकले नाही ना?"

त्या खरखराटात अंतऱ्याची सुरुवात मी ऐकलीच नव्हती. पण म्हणालो, "नाही बाळ, कुठेच चुकली नाहीस." ते खोटं होतं असं मला आजही वाटत नाही.

चार दिवसांनी परत निघालो. गाडी घाट चढत होती. नव्या खोदलेल्या तांबड्या मातीपाशी ती सावकाश झाली, तेव्हा सौभाग्यवतीने हात जोडले. मीही जोडले. वीस वर्षं मी पोरांना वेळापत्रकाने शिकवलं, आणि स्वतःच्या मुलीचं गाणं माझ्या ओठांवाचून उभं राहायची वेळ कधी आली, ते मला कळलं नव्हतं. ज्याला ते ठाऊक होतं, त्याने मला लोणावळ्यालाच उतरवून घेतलं.