लेकीला न आलेली फिट

माझी नात पडवीतल्या बाकावर उताणी पडून उडायला शिकत होती आणि मी शेजारी पावटे सोलत बसले होते. बाक अरुंद, त्यामुळे तिचे दोन्ही हात अधांतरी. हनुवटी छातीला टेकवलेली, कंबर जराशी उचललेली, चवडे ताठ. तोंडानं पुटपुटत होती, "खाली बघायचं नाही. खाली बघायचं नाही."

"खाली बाक आहे," मी म्हटलं. "बघितलंस तरी चालेल."

"आजी, हसवू नको ना. हसलं की कंबर पडते."

ही पोरगी आमच्या कामशेतच्या डोंगरावर पॅराग्लायडिंग शिकली. मग परदेशात, जिथं लोक विमानातून उड्या मारायला येतात अशा एका तळावर, पॅराशूटच्या घड्या घालायच्या कामाला लागली. लोकांच्या घड्या घालता घालता स्वतःच्या दोन-अडीचशे उड्या मारून बसली. आता नवं खूळ म्हणजे विंगसूट. हातापायांच्या मधे कापडाचे पंख शिवलेला अंगभर पोशाख. तो घालून उडी मारली की माणूस दगडासारखा खाली येत नाही, वाघळासारखा पुढं पुढं सरकत जातो. पालथं उडायला तिला येऊ लागलं होतं. आता उताणं शिकायचं. पोट आभाळाकडे, पाठ जमिनीकडे.

"चार महिन्यांची असताना उताण्याची पालथी झालीस म्हणून मी सगळ्या आळीत साखर वाटली," मी म्हटलं. "आता पालथ्याची उताणी व्हायला विमान लागतं होय गं तुला?"

ती हसली आणि कंबर पडली.

मग उठून बसली नि मला समजावून सांगितलं. उताणं उडताना जमीन दिसत नाही. दिसतात ते फक्त आभाळ आणि वरून पालथे उडणारे तिचे शिकवणारे सर. त्यांच्या तोंडाकडे बघत राहायचं. जमीन बघायला मान मागं टाकली की तोल गेलाच. पॅराशूट उघडायच्या आधी परत पालथं व्हायचं. सगळं मिळून मिनिटभराचंसुद्धा काम नाही. पण गेल्या महिन्यात तिची मान मागं गेली आणि ती भोवऱ्यासारखी फिरत सुटली. सावरली, पॅराशूट उघडलं, उतरली. "पण मधले चार-पाच सेकंद मला आठवतच नाहीत, आजी," ती म्हणाली. "सर म्हणतात, पहिल्यांदा असं होतं. परत गेले की पुन्हा करू."

नेमकी त्याच वेळी माझी लेक, म्हणजे हिची आई, पायरीवर चप्पल काढत होती. लोणावळ्याहून दर रविवारी येते. तिनं सगळं ऐकलं. पिशवी खाली ठेवली नाही, पाणी मागितलं नाही.

"आठवत नाही?" तिनं विचारलं. "अजिबात?"

"थोडा वेळच गं."

लेक बाकाच्या टोकाला बसली. "माझंच आलंय तुझ्यात," ती म्हणाली. "तुझ्या सरांना आजच्या आज कळव. घराण्यात फिट आहे म्हणून."

माझ्या हातातला पावटा हातातच राहिला.

माझ्या या लेकीला लहानपणी फिट आली होती, हे सगळ्या गावाला माहीत आहे. एकदाच आली. जपून राहिली म्हणून परत आली नाही, असं ती स्वतःच सांगते; फक्त पोरीच्या मनात भीती नको म्हणून तिला कधी कळू दिलं नव्हतं. ती कधी स्कूटर शिकली नाही. विहिरीच्या काठावर उभी राहत नाही. राहायला भुशीच्या रस्त्याला, पावसाळ्यात अर्धा मुलूख तिच्या दारावरून धरणावर भिजायला जातो. पण तिनं इतक्या वर्षांत धरणाच्या पायऱ्यांवर पाऊल भिजवलेलं नाही. पाण्यात फिट आली तर? लग्न ठरताना नवऱ्यामुलाला तिनंच सगळं सांगितलं होतं. तो म्हणाला, चालेल. भला माणूस. अजूनही दोघं बाहेर पडली की त्याच्या पिशवीत एक कांदा असतो, वेळ आलीच तर नाकाला लावायला.

"बाबांचा कांदा उन्हासाठी असतो असं मला वाटायचं," नात म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "आई, उडीच्या प्रत्येक फॉर्मवर विचारतात, घरात कुणाला फिट येते का. मी 'नाही' लिहिलंय."

सगळ्या गावाला माहीत असलेली ही गोष्ट खोटी आहे, हे माहीत असलेली एकच बाई होती. ती पावटे सोलत होती.

तीस वर्षांपूर्वीची मी म्हणजे एक नमुना होते. डोक्यावरचा पदर घसरला तर मागचा डोंगर कोसळेल अशी माझी खात्री. तेव्हा आमच्याकडे पॅराग्लायडिंगवाले नुकते येऊ लागले होते. भात काढून झालं की घरामागच्या रिकाम्या खाचरात उतरायचे. त्यांना पिठलं-भाकरी मी करून घालायची. त्यांनी माझ्या हातचं खाल्लेलं चालायचं, मी त्यांच्याकडे बघितलेलं चालायचं नाही. म्हणून मी चुलीमागच्या खिडकीतून बघायची. शहाणी!

माझ्या नियमांत एक मोठा नियम होता. पोरीच्या जातीनं उताणं झोपायचं नाही. का, ते माझ्या आईनं मला सांगितलं नव्हतं, म्हणून मीही लेकीला सांगितलं नाही. कुशीवर झोप, पाय आखडून झोप. झोपेत उताणी झाली तर मी तिला ढकलून कुशीवर करायची.

लेक तेरा वर्षांची. शाळा सुटली की खाचरात जाऊन त्या रंगीत कापडाची टोकं धरायची, घड्या घालायला मदत करायची. एका दुपारी तिथल्या शिकवणाऱ्यानं तिच्या अंगाला पट्टे बांधले. उडवायला नव्हे, वारा कसा ओढतो ते कळावं म्हणून. मागून दोरी धरून तो उभाच होता. पण दुपारचा आमचा वारा कुणाचं ऐकतो? कापड भरलं, पोरगी उचलली गेली. पुरुषभर उंचीवरून, पाठमोरी, दोन बांध ओलांडून गेली, आणि वाऱ्यानं तिला तिसऱ्या खाचरात अलगद उताणी ठेवली.

मी खिडकीतून बघितलं आणि धावले. आता खरं ते लिहिते. तिला लागलंय का, हे मी बघितलं नाही. मी आधी स्कर्ट बघितला. शाळेचा निळा स्कर्ट गुडघ्यांच्या वर गेलेला, हात दोन्हीकडं फेकलेले, डोळे सताड आभाळात. आणि हसत होती. आवाज न करता, नुसते ओठ उघडे. बांधावर उडणारे, त्यांचे सोबती, गावातली चार माणसं. कुणीतरी खिदळलं. शेजारच्या मावशी कमरेवर हात ठेवून ओरडल्या, "आगं, पोरगी अशी काय पडलीया उताणी? सगळी बघत्यात!"

आणि मी ओरडले, "फिट आली तिला, फिट!"

कुठून सुचलं देव जाणे. पोरगी आजारी असली तर कुणी हसणार नाही, एवढंच डोक्यात. मी पायातली रबरी स्लिपर काढली आणि तिच्या नाकाला लावली. मावशी कांदा आणायला पळाल्या. बांधावरचं खिदळणं थांबलं, माणसं हळहळली. माझी अब्रू वाचली. लेक चप्पल हातानं बाजूला सारत होती.

"आई, मला काय झालं न्हाई. मी उडले."

"गप. फिटमधी माणसाला कळत न्हाई."

या वाक्यावर काही उत्तर असतं का? तेरा वर्षांच्या पोरीजवळ तर नव्हतंच. पहिले काही दिवस ती म्हणायची, मला सगळं आठवतंय. मी म्हणायची, असंच वाटतं. मग ती म्हणेनाशी झाली. त्या शिकवणाऱ्या माणसानं हात जोडून तिला परत पट्ट्यांजवळ येऊ दिलं नाही. मलाही ते सोयीचं पडलं. फिट येणाऱ्या पोरीला डोंगरावर जाऊ नको असं दोनदा सांगावं लागत नाही. डॉक्टरकडे मी तिला नेलंच नाही. नेलं असतं तर डॉक्टर खरं बोलला असता. जरा मोठी झाली की सांगून टाकू, असं ठरवलं होतं. मोठी झाली तेव्हा वाटलं, लग्न होऊ दे. लग्न झालं तेव्हा वाटलं, आता काय सांगायचं.

तर त्या रविवारी नातीनं मोबाईल हातात घेतला.

"मी सरांना लिहिते, थांबते म्हणून," ती म्हणाली. "हवेत मी एकटी नसते, आई. वर ते असतात. माझी शुद्ध गेली तर मला धरायला तेही जीव धोक्यात घालतील."

लेकीनं मान हलवली. तिचे डोळे भरले होते.

आणि मला बरं वाटलं! हे मी कुणाजवळ बोलले नव्हते, इथं पहिल्यांदा लिहितेय. क्षणभर अगदी मनापासून बरं वाटलं. पोरगी जमिनीवर राहील. मी काही न बोलता राहील. तीच जुनी थाप, पुन्हा एकदा कामाला येईल, आणि मला तर चप्पलसुद्धा काढावी लागणार नाही. केस पांढरे झाले, दात गेले, पण खिडकीतून बघणारी ती बाई जागची हललेली नव्हती.

तिचा अंगठा मोबाईलवर चालू लागला तेव्हा मी म्हटलं, "लिहू नको. तिला फिट आली नव्हती."

दोघींनी माझ्याकडे बघितलं. मी लेकीकडे वळले.

"पडली होतीस उताणी. सगळे बघत होते. मला लाज वाटली, म्हणून म्हटलं फिट आली." एवढंच. तीस वर्षं जे बोलता आलं नाही, ते बोलायला पावट्याची एक शेंग सोलण्याएवढाही वेळ लागला नाही.

लेकीनं मांडीवरची पिशवी खाली ठेवली. मला वाटलं, ओरडेल. मी ओरडण्याची वाट बघत होते, म्हणजे मला रडता आलं असतं.

"मला आभाळ आठवतं," ती म्हणाली. "अजून आठवतं. फिटमधलं आहे म्हणून मी ते मनात येऊच द्यायची नाही. आलं की डोळे घट्ट मिटून घ्यायची."

"आगं..."

"तू गप," ती म्हणाली आणि पिशवी उचलून स्टेशनला गेली. पाणी प्यायलीच नाही.

नातीनं तरीही पुण्याला डॉक्टरला दाखवून घेतलं, सगळं नीट निघालं. मग ती परत गेली. काही दिवसांनी फोन आला. "आजी, तीनदा गरगरले. चौथ्यांदा आभाळ जागेवर थांबलं. सरांनी वीस मोजेपर्यंत!" मी शाब्बास म्हटलं. तिनं विचारलं, आई येते का? मी म्हटलं, येईल.

पाच रविवार लेक आली नाही. जावयाचा फोन यायचा, भाजी काय केली वगैरे विचारायचा. मी एकटीच पडवीत बसायची आणि त्या बाकावर बसायची नाही.

सहाव्या रविवारी आली. आत न येता पिशवीतून एक कांदा काढून माझ्या हातात दिला. बाहेरचं साल वाळून सुटलेलं, वर हिरवा कोंब आलेला.

"कालवणात घाल," म्हणाली आणि घराला वळसा घालून मागं गेली.

मी चुलीमागच्या खिडकीशी गेले. सवय. खाचरात रविवारची गर्दी होती, पुण्याची माणसं, मोबाईल, रंगीत कापडं. लेक सगळ्यांमधून चालत तिसऱ्या खाचरात गेली आणि साडी सावरून उताणी पडली. हात दोन्हीकडं टाकले. दोन-चार माणसांनी वळून बघितलं.

खिडकीतून बघायचं नाही, मी स्वतःला म्हटलं. बाहेर पडले. पायरीवर स्लिपर होत्या, त्या तशाच ठेवल्या. भात कापलेलं, धसकटं नुसती सुयांसारखी टोचत होती. या वयात मी बांधावरून उड्या मारत गेले म्हणालात तरी चालेल.

मी जवळ जाऊन उभी राहिले. तिनं डोळे उघडे ठेवूनच विचारलं, "चप्पल आणलीस?"

"न्हाई."

"मग बस. सावली पडतीय तुझी, जरा तिकडं सरकून बस."

मी सरकले.