वाटी रिकामी पाठवू नये

शेजाऱ्याची वाटी रिकामी परत करू नये, हे आमच्या चौल गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी पासष्टीला विसरलो. वाट्या पाठवणं हे बायकोचं काम होतं, आणि ती जाऊन तेव्हा जेमतेम दोन आठवडे झाले होते.

माझा जन्म गेला मुंबईच्या एका प्रयोगशाळेत, अणूंच्या लहान लहान पुंजक्यांच्या मागे. निवृत्त झाल्यावर आम्ही दोघं इथं वाडीत राहायला आलो. मधल्या बुटक्या दगडी गडग्यापलीकडच्या वहिनी माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या, एकट्याच राहायच्या. त्यांची आणि हिची वाट्यांची ये-जा दिवसभर चाले. इकडून कैरीचं लोणचं, तिकडून विरजण. एकदा ओटीवर बसल्या बसल्या वहिनींनी विचारलं, "भावजी, एवढी वर्षं त्या अणूंत बघितलंत तरी काय हो?"

मी चेकाळलोच. कुणी विचारतच नाही ना! समोर वाळत टाकलेल्या सुपाऱ्यांतल्या दोन उचलल्या आणि जवळजवळ ठेवल्या.

"हे निऑनचे दोन अणू. यातल्या एकाच्या आतला इलेक्ट्रॉन आम्ही उडवला. मग त्याचाच वरचा इलेक्ट्रॉन खाली येऊन ती जागा भरतो, आणि ऊर्जा उरते. अणू एकटा असेल तर ती उजेड होऊन बाहेर पडते, पण त्याला वेळ लागतो. शेजारी असला, तर हा सगळी ऊर्जा त्याच्यावर ढकलून मोकळा! आणि त्या बिचाऱ्याचा इलेक्ट्रॉन सुटून जातो."

"मग हो?"

"मग दोघांवरही धन प्रभार. एकमेकांना असे ढकलतात, की एक इकडे, एक तिकडे."

वहिनी सुपाऱ्यांकडे बघत म्हणाल्या, "मेल्याचं दुखणं शेजाऱ्याच्या गळ्यात, नि वर अबोला!" ही पोट धरून हसली.

ही गेली ती चार दिवसांच्या तापानंतर, हृदय बंद पडून. वहिनींनी तापावर काढा दिला होता. काढ्याचा काही संबंध नाही, हे डॉक्टरनं मला नीट समजावलं होतं. तेरावं उरकलं, पाहुणे पांगले, आणि संध्याकाळी वहिनी मऊ भाताची वाटी घेऊन आल्या. "दोन घास खा, भावजी." माझ्या तोंडून निघालं, "तुमच्या काढ्यात चार दिवस गेले. नाहीतर वाचली असती."

खोटं होतं. बोलतानाच ठाऊक होतं. पण देवाशपथ सांगतो, क्षणभर हलकं वाटलं. वहिनींचा चेहरा पांढरा पडला. वाटी खाली ठेवून त्या गेल्या.

सकाळी मी ती वाटी घासली, पुसली आणि रिकामीच गडग्यावर ठेवली. मला वाटलं, सभ्यपणा केला. आमच्याकडे त्याचा अर्थ एकच, आता पुन्हा पाठवू नका. दुपारी वाटी उचलली गेली. नंतर त्या घरातून काही आलं नाही.

चार महिने गेले. मी डेअरीचं दही आणून खायचो आणि त्याला नावं ठेवायचो. घरात आवाज दोनच, फ्रिजचा आणि माझ्या खोकल्याचा. गडग्यापलीकडे वहिनीही खोकायच्या. बारा हातांवर दोन म्हातारी माणसं खोकत होती आणि कुणी कुणाला विचारत नव्हतं. फार एकटं वाटायचं. अणूंत जे जन्मभर मोजलं तेच स्वतः करून बसलो, आणि ओळखायला एवढे दिवस लागले. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय!

शेवटी एका संध्याकाळी हिच्या हातच्या लोणच्याची बरणी उघडली. तळाला होतं तेवढं सगळं वाटीत काढलं आणि वहिनींच्या दारात जाऊन उभा राहिलो.

"विरजण हवं होतं, वहिनी. आणि त्या दिवशीची माफी."

त्यांनी देवापुढच्या दिव्याकडे बघितलं. "दिवे लागले. आता विरजण देत नाहीत. सकाळी बघू." लोणच्याची वाटी मात्र माझ्या हातातून घेतली. मी घरी आलो तो जवळजवळ पळतच. सकाळी बघू म्हणाल्या होत्या!

सकाळी दूध तापवत होतो तर वहिनी त्याच गडग्याशी उभ्या. अंगावर बाहेरची साडी, मागे रिक्षा, रिक्षात दोन बॅगा.

"लेकीकडे चालले, उरणला. आता तिकडंच राहायचं. गेल्या आठवड्यातच ठरलं. इथं कुणाशी बोलू, भावजी?" मग हळूच म्हणाल्या, "लोणचं नेतेय हो बरोबर. तिच्या हातचं."

राहा म्हणायला तोंड उघडलं, तोवर त्या रिक्षात बसल्या होत्या. रिक्षा देवळाच्या वळणावरून गेली.

मी अजून रोज दही लावतो. उद्यापुरता चमचा आधी बाजूला काढतो आणि मग खातो. त्या दिवशी वहिनींनी गडग्यावर वाटी ठेवली होती, ती आमचीच, लोणच्याची. स्वच्छ घासलेली, आणि तळाशी चमचाभर विरजण. जाताजातासुद्धा त्यांनी माझी वाटी रिकामी पाठवली नाही.