म्हैस एक्स्पायर झाली

बँकेच्या परीक्षेसाठी मी लातूरला राहायचे आणि रोज इंग्रजीचे वीस अवघड शब्द पाठ करायचे. संध्याकाळी भोकरजवळच्या आमच्या गावाहून अण्णांचा, म्हणजे वडिलांचा फोन यायचा. ते सातवी शिकलेले, शेती करणारे. मी शब्द सांगायचे, ते मराठी अक्षरांत वहीत उतरवायचे आणि दुसऱ्या दिवशी माझीच परीक्षा घ्यायचे. "मेलन्कली मंजे?" त्यांच्या तोंडून उदासीचा तो शब्द एखाद्या नव्या भाजीचं नाव वाटायचा. मी चुकले की स्वारी खूश. मास्तर व्हायची हौस ते अशी भागवून घ्यायचे.

एका संध्याकाळी म्हणाले, "आज शब्द नगं, माय. आपली म्हैस एक्स्पायर झाली."

मला हसू फुटलं. मैत्रिणींना ऐकू जावं म्हणून फोन स्पीकरवर टाकला आणि शहाणपण शिकवलं, "अण्णा, औषध एक्स्पायर होतं. म्हैस मरते. माणसालासुद्धा एक्स्पायर म्हणत नसतात." मैत्रिणी खिदळल्या.

पलीकडून वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. मग, "हाव. लिहून ठिवतो."

अकरा वर्षं त्यांनी त्या म्हशीची धार काढली होती. माझ्या त्या दिवशीच्या यादीत दुःखाचेच चार शब्द होते आणि मी 'कशानं गेली' एवढंही विचारलं नाही. आजही लाज वाटते.

फोन नंतरही यायचे. जेवलीस का, पाऊस हाय का. शब्द मात्र त्यांनी पुन्हा काढले नाहीत. मला वाटलं, कंटाळले. वेळ वाचला म्हणून बरंही वाटलं.

मला लातूरलाच बँकेत नोकरी लागली. मागच्या वर्षी पेरणीच्या दिवसांत अण्णा बांधावर बसले ते उठलेच नाहीत. मृत्यूच्या दाखल्यासाठी आधार कार्ड शोधताना त्यांच्या पेटीत ती वही सापडली. शेवटचं लिहिलेलं पान होतं: 'औषध एक्स्पायर होते. म्हैस मरते. माणसाला काय म्हणायचं, पोरीला विचारणे.' पुढची पानं कोरी. विचारलं तर मी परत हसेन, अशी त्यांना धास्ती असणार.

रजेसाठी बँकेत फोन लावला. साहेब तेलंगणातले, त्यांच्याशी इंग्रजीतच बोलावं लागायचं. मला एकापेक्षा एक भारी शब्द येत होते. एकही जिभेवर आला नाही.

"सर, माय फादर एक्स्पायर्ड," मी म्हणाले.

"सॉरी," साहेब म्हणाले. त्यांनी माझी चूक काढली नाही.