ट्रे पाह्यला का?

"ट्रे पाह्यला का?"

दुरुस्तीला आलेलं कॉम्प्युटरचं मशीन कुणी घरी न्यायला उचललं, की दुकानाच्या मागच्या टेबलावरून हा प्रश्न यायचा. उत्तराची वाट न बघता मामा उठायचे. शर्टाच्या कॉलरखाली खोचलेली, सरळ केलेली यू-पिन काढायचे आणि सीडी ड्राइव्हच्या तोंडावरच्या बारीक भोकात घालायचे. ट्रे बोटभर बाहेर यायचा. तो हळूच ओढून मामा वाकून आत बघायचे, नखानं धूळ काढायचे, ट्रे परत ढकलायचे आणि म्हणायचे, "न्या आता."

बटण दाबलं की ट्रे उघडतो हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण बंद पडलेल्या मशीनचाही ट्रे पिनेनं उघडतो, याचं त्यांना भारी कौतुक. "मशीन मेलं तरी त्याच्या पोटात कुणाचं तरी काही असतंय, मालक."

मालक म्हणजे मी. तुमच्याही ओळखीत असा माणूस असेल बघा, दुकान एकाचं असतं आणि गिऱ्हाईक विचारत येतं दुसऱ्यालाच. आमच्या उस्मानपुऱ्यातल्या दुकानाच्या पाटीवर नाव माझं होतं, पण लोक दारातूनच विचारायचे, "मामा आहेत का?" नाहीत म्हटलं तर मशीन न उतरवता निघून जायचे. मला राग यायचा, खोटं कशाला बोलू. पण स्क्रू कसा धरायचा इथपासून सगळं मी मामांच्या हाताखाली, दुसऱ्याच्या दुकानात शिकलेलो. मी स्वतःचं दुकान टाकलं तेव्हा ते आपली हत्यारं कापडात गुंडाळून माझ्याबरोबर आले. त्या दिवसापासून मला मालक म्हणायला लागले, आणि मालक म्हणून झालं की पुढच्या वाक्याला 'अरे गाढवा' असायचं.

त्या ट्रेमधून काय काय निघालं! कुणाच्या मेंदूच्या तपासणीची सीडी. कुणाच्या लग्नाची, तीही घटस्फोट झाल्यानंतर. गारखेड्याच्या एका घरातल्या मशीनमध्ये गोल बिस्कीट निघालं, चार वर्षांच्या मुलानं अगदी मधोमध बसवलेलं. त्याची आई लाजली, पण मामांनी मुलाचीच बाजू घेतली. "त्याचं काय चुकलं, ताई? गोल असंल ते आत घालायचं, एवढंच त्यानं पाह्यलेलं." सीडी निघाली की मामा ती कागदात गुंडाळून, वर नाव लिहून खणात ठेवायचे आणि स्वतः फोन करायचे. लग्नाच्या सीडीचा फोन करताना मात्र बाहेर जाऊन बोलले होते.

मामांना माझं खोटं ओळखू यायचं. गिऱ्हाइकाला मी "आजच पार्ट मागवलाय" म्हणालो की ते मान न उचलता म्हणायचे, "कान लाल झालेत." आणि कान खरंच लाल झालेले असायचे. माझ्या बायकोलाही ही खूण त्यांनीच सांगून ठेवली होती.

मामांची स्वतःचीही एक सीडी होती. त्यांचे वडील, मामा त्यांना दादा म्हणायचे, दिवसा हमाली करायचे आणि जयंती आली की गायन पार्टीत गायचे. एका वर्षी वस्तीतल्या कार्यक्रमाचं कुणीतरी शूटिंग केलं आणि त्याची एकच सीडी मामांच्या हाती लागली. दरवर्षी जयंतीच्या आदल्या दिवशी ते ती दुकानात आणून लावायचे. चित्र भुरकट होतं, आवाज मात्र खणखणीत. दुसऱ्या गाण्याच्या मधेच म्हातारा थांबतो, माईकवर टिचकी मारतो आणि सगळ्या वस्तीला विचारतो, "आवाज बराबर येतोय ना? माझ्या पोरानं लावलाय." एवढं झालं की मामा सीडी बंद करायचे. पुढची गाणी आम्ही कधी ऐकलीच नाहीत.

"मामा, याची कॉपी करून ठेवू," असं मी दरवर्षी म्हणायचो. "करू की, निवांत," असं ते दरवर्षी म्हणायचे. अख्ख्या शहराला कॉप्या करून देणारं दुकान आमचं, आणि ही दहा मिनिटांची कॉपी काही झाली नाही.

मग नवीन कॅबिनेट यायला लागले. एका बाजूला काच, आत रंगीत दिवे आणि पुढून नुसते पंखे. सीडी ड्राइव्ह बसवायचा चौकोनी खण आधी दोनाचा एक झाला, मग गेलाच. पहिला असा कॅबिनेट खोक्यातून काढला तेव्हा मामांनी त्याच्या तोंडावरून वरून खालपर्यंत बोट फिरवलं. "याला तोंडच नाय की रं," म्हणाले. मी म्हणालो, "मामा, आता सगळं पेन ड्राइव्हवर, नाहीतर मोबाइलवर. कोण लावतंय सीडी?" त्यांनी पिन कॉलरखाली परत खोचली. पुढं बरेच दिवस ती कॉलरखालीच राहिली.

त्या सुमारास त्यांच्या घरचं जुनं मशीन सुरू होईना झालं. रिक्षातून आणून त्यांनी ते मागच्या टेबलाखाली ठेवलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं. "डोळ्याचं उरकू दे, मग बघतो याच्याकडं," म्हणाले आणि आठ दिवस घरी बसले.

नेमकं त्याच आठवड्यात मी दुकान नवं करायला काढलं. शहराचं नाव बदललं होतं, पाटी रंगवायचीच होती, तर म्हटलं सगळंच करून टाकू. मागच्या खोलीतलं जुनं सामान भंगारवाल्याच्या गाडीवर चढवलं. त्यात मामांचं मशीन होतं. चुकून गेलं असं म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं! मी ते ओळखून, स्वतःच्या हातानं उचलून दिलं. मला मामांना चकित करायचं होतं. त्यांच्यासाठी मी काचेच्या कॅबिनेटमध्ये नवं मशीन बांधून ठेवलं होतं, वर लाल रिबीन लावून. त्या घाईत, आणि माझ्या मोठेपणाच्या नादात, मी ट्रे उघडला नाही. बारा वर्षं रोज ऐकलेला प्रश्न त्या एका दिवशी मला कुणी विचारला नाही, आणि मीही स्वतःला विचारला नाही.

मामा आले तेव्हा डोळ्यांवर दवाखान्याचा काळा चष्मा होता. दुकानात चार गिऱ्हाइकं होती, पेढे वाटणं चालू होतं. मी त्यांचा हात धरून नव्या मशीनपाशी नेलं. त्यांनी रिबीन चाचपली, काच चाचपली, हसले. "एवढं कशापायी, मालक?" मग विचारलं, "आन माझं जुनं?"

"दिलं भंगारात. काय करायचंय त्याचं?"

त्यांचा हात काचेवरच थांबला.

"ट्रे पाह्यला का?"

चार माणसं बघत होती. "पाहिला की," मी म्हणालो. "रिकामा होता."

माझे कान पेटले होते. पण समोर काळा चष्मा होता.

"रिकामा?" ते पुटपुटले. "मी तर दादाची सीडी त्यातच ठेवीत व्हतो. काढली का काय मीच?"

तेव्हा मला कळलं की ती सीडी कुठं असायची. त्याच क्षणी खरं सांगायला हवं होतं. मी "पेढा घ्या, मामा" म्हणालो.

दुपारी भंगारवाल्याकडं धावलो. तो पत्र्याच्या ढिगाकडं बोट दाखवून म्हणाला, "सेठ, वो तो सुबूच टूट गए. डब्बे अलग, ड्राइवां अलग. माल की गाडी भी निकल गई ना." ढिगात हात घालून तासभर उलथापालथ केली. हात कापला, पण सीडी मिळाली नाही. दुकानात आल्यावर मामांनी माझ्या हाताला पट्टी बांधली आणि कशानं कापलं ते विचारलं. मी पत्र्यानं म्हणालो. तेवढं मात्र खरं होतं.

पुढचे सहा महिने मामा घरात सीडी शोधत होते. ते गारखेड्याला मुलीकडं राहायचे. तिचा फोन आला. "भाऊ, आमच्या अण्णांनी पेटी तीनदा उपसली. काल पिठाचा डबा उलटा केला. त्यांना काही आठवंना झालंय का? डॉक्टरला दाखवू का?"

"वय झालंय, ताई," मी म्हणालो. "होतं असं." माझ्या आयुष्यात मी बोललेलं सगळ्यात वाईट वाक्य कोणतं, असं कुणी विचारलं तर हेच सांगेन.

हळूहळू तो माणूस बदलला. कॅबिनेट बंद करून परत उघडायचा, स्क्रू पुन्हा मोजायचा. कोणतं मशीन कोणाचं ते तळहातावर लिहून ठेवायचा. आणि एका संध्याकाळी त्यांनी दुकानाची चावी माझ्यापुढं ठेवली. "आज सोताची सीडी इसरलो, उद्या गिऱ्हाइकाचं काही घालवीन. तुझ्या दुकानाला बट्टा नको." मी "राहा हो मामा" म्हणालो, पण तोंडदेखलं. ते समोर नसले की माझी लाज जरा कमी होईल, असं मला वाटलं होतं. ते करमाडला आपल्या जुन्या दोन खोल्यांत राहायला गेले आणि माझी लाज माझ्यापाशीच राहिली.

वर्षभरानं धीर केला. पेढ्यांचा गुलाबी खोका घेतला आणि करमाडला गेलो. खोलीच्या भिंतीवर जिथं तिथं चिठ्ठ्या चिकटवलेल्या. 'गॅस बंद.' 'कडी लावली का.' 'औषध जेवल्यावर.' डॉक्टरनी तपासून काहीच झालेलं नाही म्हणून सांगितलं होतं, हे मला मुलीनं सांगितलेलं. त्यांचं डोकं शाबूत होतं. विश्वास तेवढा उडाला होता, आणि तो मी उडवला होता.

बसताच सगळं सांगितलं. ट्रे उघडला नव्हता, सीडी त्यातच होती, मी खोटं बोललो, तुम्ही काहीही विसरला नाहीत. बोलताना मला रडू आलं.

मामांनी सगळं ऐकून घेतलं. डोळे आता स्वच्छ होते. माझ्याकडं नीट निरखून बघितलं आणि हसायलाच लागले.

"कान बघ तुझे. लालबुंद झालेत."

"मामा, लाजेनं झालेत. मी खरं सांगतोय."

"मला शिकीवतो व्हय? बारा वर्षं बघतोय ते कान. म्हाताऱ्याचं मन राखाया एवढ्या लांब आलास, सोतावर घेतोस, लई झालं. पर माझ्या हाताखाली शिकलेला माणूस ट्रे पाह्यल्याबिगर मशीन भंगारात दील? नाय. हे मला कुणीबी सांगितलं तरी पटायचं नाय."

मी शपथ घेतली. बायकोची घेतली, मुलाची घेतली. त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. "पोराची शपथ घेऊ नाय खोट्यासाठी," म्हणाले आणि चहा ठेवायला उठले. गॅस बंद केल्यावर भिंतीवरची चिठ्ठी वाचली, परत बटण फिरवून बघितलं. निघताना मला फाट्यापर्यंत सोडायला आले आणि माझी बस हलेपर्यंत उभे राहिले.

चार महिन्यांनी मामा गेले. झोपेतच गेले.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमानंतर मी खोली आवरायला थांबलो. मुलगी भिंतीवरच्या चिठ्ठ्या एकेक करून काढत होती. उशाजवळच्या भिंतीवर, पडल्या पडल्या दिसेल अशी, एक चिठ्ठी होती. तिचा पुठ्ठा मी ओळखला. मी नेलेल्या पेढ्यांच्या खोक्याचं गुलाबी झाकण कापून ती केली होती. यू-पिन तिच्याच वरच्या कडेला खोचून ठेवलेली होती.

त्यावर मामांच्या ठळक अक्षरात लिहिलं होतं: 'दादाची सीडी कुठं ठेवली? नीट आठव.'